विसाव्याचा हक्क आणि वेगळ्या मेंदूची माणसे

एप्रिल महिना आला की गावोगावच्या वाचनालयांत, वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम सुरू होतात. महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ज्ञानसाधनेला केलेले हे अभिवादन आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. ज्या समाजाच्या हातून शेकडो वर्षे पाटी-पुस्तक हिसकावून घेतले गेले, त्या समाजाची पोरे पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकात मान घालून बसतात, यापेक्षा सुंदर जयंती कोणती? परंतु या अभिमानाच्या आडोशाला एक प्रश्न कित्येक वर्षांपासून अंग चोरून उभा आहे. ज्याला १८ तास सोडाच, १८ मिनिटेही एका जागी बसवत नाही आणि काम थांबवल्यावरही ज्याच्या डोक्याला विसावा मिळत नाही, अशा माणसाचे काय? तो आळशी आहे काय? तो बाबासाहेबांचा नालायक वारस आहे काय? चळवळीने हा प्रश्न आजवर विचारलाच नाही. तो आता विचारला पाहिजे.

आम्ही बोलत आहोत ते वेगळ्या मेंदूच्या माणसांबद्दल. इंग्रजीत त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. १९९० च्या दशकात ऑटिझम असलेली माणसे एकत्र येऊन स्वतःविषयी स्वतः बोलू लागली. आम्ही बिघडलेले यंत्र नाही, आमची घडण निराळी आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ जूडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात या विचाराची मांडणी केली आणि ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द अभ्यासकांच्या चर्चेत आला. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, लक्ष आणि चंचलतेशी संबंधित एडीएचडी, वाचन-लेखनात अडचण आणणारा डिस्लेक्सिया, अशा अनेक अवस्था या शब्दाखाली येतात. ही जन्मजात घडण आहे. वय वाढले म्हणून ती आपोआप नाहीशी होत नाही. लहानपणी बाकावरून सतत उठणारा मुलगा मोठेपणी बाकावर बसून राहायला शिकतो, पण त्याच्या आतली धावपळ थांबतेच असे नाही.

आम्ही स्वतः त्यांतलेच एक आहोत. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, भाच्याची तपासणी सुरू असताना, मानसोपचारतज्ज्ञाने भाच्याबरोबर आम्हांलाही काही प्रश्न विचारले. काही भेटींनंतर आम्हांला एडीएचडी असल्याचे निदान झाले. यात नवल काही नाही. ही घडण बऱ्याच अंशी आनुवंशिक असते आणि मुलाच्या निमित्ताने घरातल्या मोठ्यांना स्वतःची ओळख पटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नवल याचे आहे की तोवर चाळीस वर्षे गेली होती. आमच्या पिढीत, आमच्या वस्तीत, शाळेतल्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे कोण नेणार होते? तिथे निदान करायला गुरुजी होते आणि त्यांचे निदान ठरलेले होते: ‘याचे अभ्यासात लक्ष नाही. या लोकांचे असेच.’

‘या लोकांचे असेच’ या तीन शब्दांत सारी व्यवस्था सामावलेली आहे. सुखवस्तू घरातले पोर चंचल असले तर ते हुशार पण खोडकर ठरते. आमचे पोर चंचल असले तर त्याच्या चंचलतेला जात चिकटवली जाते. मेंदूच्या वेगळेपणाला आळस म्हणायचे आणि तो आळस रक्तातलाच आहे म्हणायचे, ही दुहेरी लबाडी आहे. त्यामुळे आमच्या समाजातील अशी असंख्य मुले शाळेबाहेर पडली. जी टिकली, ती दात-ओठ खाऊन टिकली. आज ती चाळिशी-पन्नाशीत आहेत. कोणी कारकून आहे, कोणी शिक्षिका आहे, कोणी बँकेत आहे, कोणी आमच्यासारखा काळा कोट घालून तारखांमागे धावतो आहे. या माणसांना सगळे काही करता येते, फक्त निवांत होता येत नाही.

असे का होते? लोकांना वाटते, काम थांबले की विश्रांती आपोआप सुरू होते. एडीएचडी असलेल्या मेंदूचे तसे नसते. त्याला बाहेरून काही काम, काही आव्हान, काही घाई मिळाली नाही तर तो स्वतःच कटकटी तयार करतो. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना आमचे डोके जितके शांत असते तितके रविवारी दुपारी आरामखुर्चीत नसते. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते, सहकारी गावी जातात, आंबे खातात, झोपा काढतात. आमच्या डोक्यात मात्र अपुऱ्या कामांची, न केलेल्या फोनांची, दहा वर्षांपूर्वीच्या संभाषणांची गर्दी उसळते. पाय हलत राहतो. हात काहीतरी शोधत राहतो. संध्याकाळी थकवा येतो तो काम केल्याचा नव्हे, बसून राहण्याचा.

स्वमग्न प्रौढांची अडचण आणखी निराळी. त्यांच्यापैकी अनेकांना आवाज, उजेड, वास, गर्दीतला स्पर्श इतरांपेक्षा कितीतरी तीव्र जाणवतो. कचेरीतला पंख्याचा खडखडाट, चार जणांचे एकाच वेळी बोलणे, लोकलमधली रेटारेटी यांनी दिवसभरात मेंदूची झोळी भरून वाहू लागते. घरी आल्यावर टीव्ही आणि पाहुणे असतील तर त्यांचा दिवस संपतच नाही. काहींना तर आपण दमलो आहोत, भुकेलो आहोत, तहानलो आहोत हेच वेळेवर उमगत नाही. शरीर आतून हाक मारते, पण ती हाक ऐकू येईपर्यंत माणूस कोसळलेला असतो. झोपेच्या तक्रारी या दोन्ही गटांत मोठ्या प्रमाणावर आढळतात. अशा माणसाला ‘जरा शांत बस, डोके शांत ठेव’ असे सांगणे म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला विहिरीत ढकलून ‘हातपाय हलव’ म्हणण्यासारखे आहे.

याच्या जोडीला मुखवट्याचा भार असतो. वेगळ्या मेंदूची माणसे चारचौघांत बसावी म्हणून आयुष्यभर अभिनय करतात. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे, केव्हा हसायचे, हात कुठे ठेवायचे, मधेच बोलायचे नाही, हे सारे जाणीवपूर्वक करावे लागते. त्याला मास्किंग म्हणतात. आता आमच्या वाचकांनी क्षणभर विचार करावा. असाच अभिनय आमच्या समाजातील माणूस दुसऱ्या कारणासाठी करत आलेला नाही काय? घर भाड्याने घेताना आडनाव सांगावे की न सांगावे, कचेरीत डबा उघडताना कोण काय म्हणेल, भाषेचा हेल कसा लपवावा, ‘कोट्यातून आला’ हे शब्द कानावर पडू नयेत म्हणून दुप्पट काम कसे करावे! ज्याच्या चेहऱ्यावर हे दोन्ही मुखवटे एकावर एक चढलेले आहेत, तो ते उतरवणार कुठे आणि कोणापुढे? आमच्या समाजातील वेगळ्या मेंदूच्या माणसाला विसावा अवघड जातो त्याचे अर्धे कारण मेंदूत आहे आणि अर्धे या व्यवस्थेत आहे. केवळ योगासने आणि श्वासाचे व्यायाम सुचवणाऱ्या तज्ज्ञांना हे दुसरे अर्धे दिसत नाही.

काही बांधव म्हणतील, हे शहरातल्या पोटभरल्यांचे चोचले आहेत. जी माउली पहाटे चार वाजता झाडू घेऊन रस्त्यावर उतरते तिला कसला आलाय विसावा? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर उलट दिशेने जाते. तिला विसावा नाही म्हणून तो कोणालाच नको, असे म्हणायचे की तिला नाही म्हणून तो मिळवून द्यायचा? शिवाय त्या माउलीचा मेंदू वेगळा असू शकत नाही, असे कोणी ठरवले? श्रीमंताकडे निदानाचा कागद असतो, गरिबाकडे नसतो. म्हणून गरिबाची अडचण खोटी ठरत नाही, उलट ती दुप्पट जड होते.

विश्रांती ही चैन आहे, हा विचार मालकांचा आहे. आमच्या इतिहासाने तो कधीच फेटाळलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती, तेव्हा महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा उभारला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज जो कोणी रविवारी उशिरा उठतो, तो लोखंड्यांचे देणे लागतो. पुढे १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या काळात कामाच्या तासांचा प्रश्न सरकारदरबारी धसास लागला आणि १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. स्वतंत्र भारताच्या संविधानाचे ४३ वे कलम शेतीतल्या, कारखान्यातल्या आणि इतर सर्व कामगारांना केवळ निर्वाह-वेतनाची हमी देण्याचे ध्येय सांगून थांबत नाही. फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता येईल अशी कामाची परिस्थिती निर्माण करण्याचे ध्येयही ते राज्यापुढे ठेवते. होय, फुरसत! हा शब्द भारताच्या संविधानात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही २४ वे कलम विश्रांती आणि फुरसतीच्या हक्काचेच आहे.

म्हणजे स्वतः अहोरात्र अभ्यास करणाऱ्या या महापुरुषाने इतरांवर अठरा तासांचे जू लादले नाही. कष्टकऱ्यांसाठी त्यांनी आठ तासांचा दिवस आणि फुरसतीचा हक्क यांची बाजू घेतली. त्यांचे अठरा तास ही त्यांची स्वतःची असामान्य तपश्चर्या होती आणि तिची किंमतही त्यांच्या शरीराने मोजली. १९४८ च्या सुमारास मधुमेह, पायांच्या असह्य वेदना आणि निद्रानाश यांनी ते त्रस्त होते. हेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, त्यांना कुत्र्यांचा लळा होता, हे आम्ही जयंतीच्या भाषणांत सांगत नाही. जिद्दीचे बाबासाहेब आम्हांला प्रिय आहेत. व्हायोलिन हातात घेतलेले बाबासाहेबही तितकेच प्रिय असायला हवेत.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात फक्त सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. या कायद्याच्या २० व्या कलमानुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी आणि अनुकूल वातावरण दिले पाहिजे. २९ वे कलम तर सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाच्या हक्काविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केले की वाजवी सोय हा समानतेचाच भाग आहे आणि ती मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला ही अट घालता येणार नाही. वकिलांनी आणि कर्मचारी संघटनांनी हा निकाल पाठ करून ठेवावा असा आहे. शांत कोपऱ्यातील टेबल, तोंडी हुकमाऐवजी लेखी सूचना, मधून मधून पाच मिनिटे उठून फिरण्याची मुभा, या सोयींना फारसा खर्च लागत नाही. त्या मागायला धैर्य लागते आणि धैर्यामागे संघटना लागते.

मात्र या कायद्यातही एक पोकळी आहे. एडीएचडीचे नाव त्याच्या अनुसूचीत नाही. त्यामुळे आमच्यासारख्या प्रौढांना हक्क सांगताना प्रत्येक वेळी आडमार्ग शोधावा लागतो. अनुसूचीत नवीन प्रकार समाविष्ट करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. ही मागणी दिव्यांगांच्या संघटनांबरोबर आंबेडकरी चळवळीनेही केली पाहिजे. दुसरीकडे वारे उलटे वाहत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचा हिशेब कागदावर काहीही असो, ज्याच्या मेंदूची झोळी आठ तासांतच भरून वाहते त्याच्यासाठी बारावा तास हा शिक्षेचा तास असतो. लोखंडे आणि बाबासाहेब यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी याविरुद्ध बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

कायदा हक्क देतो, पण विसावा शिकावा मात्र स्वतःलाच लागतो. होय, शिकावा लागतो! आम्ही आणि आमच्यासारखे काही मित्र तो शिकत आहोत आणि त्यातले चार अनुभव वाचकांपुढे ठेवतो. पहिला असा की आपला विसावा इतरांसारखा दिसलाच पाहिजे, हा हट्ट सोडावा. आमच्यासाठी जुनी सायकल खोलून पुन्हा जोडणे हा विसावा आहे, कारण त्या वेळी डोके एकाच रुळावर चालते. आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका रेल्वेची वेळापत्रके वाचतात आणि त्यातून ताज्या होऊन उठतात. दुसरा असा की शरीराच्या हालचालीला लाजू नये. पाय हलवणे, बोटांत मणी फिरवणे, पुढे-मागे डोलणे, यांनी अनेकांचा मेंदू शांत होतो. घरच्यांनी त्यावरून टोकणे बंद करावे. तिसरा असा की विसाव्यालाही तारीख द्यावी. ‘वेळ मिळाला की आराम करू’ म्हटले की तो वेळ कधीच मिळत नाही. आम्ही डायरीत खटल्यांच्या तारखांबरोबर तोही लिहून ठेवतो आणि मोबाइलच्या गजरावर पाणी पितो, जेवतो. चौथा असा की दिवसातून एकदा तरी मुखवटा उतरवता येईल अशी एक जागा आणि एक माणूस असावा. अंधारी खोली, अंगावर आईने शिवलेली जड गोधडी, आणि ‘काय झाले?’ असे न विचारणारे घरचे माणूस, यांनी जे होते ते महागड्या उपायांनीही नेहमी होत नाही. गोधडीचा भार अंगावर असला की काहींना स्थिर वाटते, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. औषधाचा निर्णय मात्र मानसोपचारतज्ज्ञाशी बोलूनच घ्यावा. ज्यांना कोणाशी बोलायचे आहे पण दवाखाना दूर आहे, त्यांच्यासाठी १४४१६ ही शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

विहारात डोळे मिटून बसणे काहींना जमत नाही. डोळे मिटले की त्यांचे डोके अधिकच जोरात धावते आणि मग ‘आपण धम्मातही नापास’ अशी खंत वाटते. त्यांना आम्ही सोण स्थविरांची आठवण करून देतो. घर सोडून भिक्खू झालेल्या सोणांनी इतकी कठोर साधना केली की चालून चालून त्यांचे पाय रक्ताळले, तरी मन मुक्त होईना. तथागतांनी त्यांना वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरीही लागत नाही. प्रत्येकाने आपली तार ओळखायची असते. आणि चालत चालत ध्यान करण्याची चंक्रमणाची रीतही याच परंपरेतली आहे. ज्याला बसवत नाही त्याने चालावे, एवढी मोकळीक धम्मात पहिल्यापासून आहे. आमच्या विहारांत ती किती दिसते?

म्हणून चळवळीला आमची काही आग्रहाची मागणी आहे. अभ्यास उपक्रमात १८ तासांचा विक्रम व्हावा, पण तिथेच चालत वाचणाऱ्याला, ऐकून शिकणाऱ्याला, दोन तास बसून उठणाऱ्यालाही तोच मान मिळावा. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. इतरांच्या उत्सवांत ती पाळली जात नाही हे खरे, परंतु आम्ही आमच्या घराबद्दल बोलत आहोत. ज्या स्वमग्न तरुणाला त्या आवाजाने दरदरून घाम फुटतो आणि जो १४ एप्रिलला दार लावून कोपऱ्यात बसतो, तो बाबासाहेबांचा नाही काय? मिरवणुकीचा एक टप्पा लेझीम-ताशाविना, फक्त निळ्या झेंड्यांचा शांत असावा. विहारात एक मंद उजेडाची खोली असावी. कार्यकर्त्यांच्या बैठका मध्यरात्रीपर्यंत ताणू नयेत आणि जो लवकर उठून जातो त्याच्या निष्ठेवर शंका घेऊ नये. गेल्या काही वर्षांत किती चांगले कार्यकर्ते थकून घरी बसले, याचा हिशेब कोणी ठेवला आहे? ते फितूर नव्हते, गद्दार नव्हते. ते दमले होते आणि दमण्याची परवानगी त्यांना कोणी दिली नव्हती.

‘आराम हराम है’ ही घोषणा या देशातल्या सरकारी भिंतींवर वर्षानुवर्षे रंगवलेली असे. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या आराम ठाऊकच नव्हता, त्यांनी ती घोषणा मान खाली घालून वाचली. आता ती मान वर करण्याची वेळ आली आहे. जातीने आमच्याकडून श्रम घेतले, वेळ घेतला, झोप घेतली. ते परत मिळवणे हाही मुक्तीच्या लढ्याचाच भाग आहे. ज्यांचा मेंदू वेगळ्या तालावर चालतो त्यांना विसावा अधिक उशिरा, अधिक कष्टाने मिळतो, म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही. तो त्यांना त्यांच्या रीतीने मिळाला पाहिजे. पाय हलवत, चालत, डोलत, गोधडीत शिरून, व्हायोलिन वाजवत किंवा सायकल खोलत! शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आमचे ब्रीद आहे आणि राहील. मात्र संघर्ष करणाऱ्याला रात्री झोप लागली पाहिजे, याचीही जबाबदारी संघटनेने घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जयभीम!